वाचक विचारतात : चार कोटी अंकी मूळ संख्या आणि नारायण पेठेतलं सूत्र

मागच्या अंकात एक छोटी चौकट दिली होती. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा, जी संख्या येते ती मूळ संख्या आहे, म्हणजे प्राइम, आणि तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा माहीत असलेल्या मूळ संख्यांमध्ये ती सगळ्यात मोठी होती. बस, एवढंच लिहिलं होतं. त्यावर पुण्यातूनच इतकी पत्रं आणि मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. नावं न छापता फक्त भाग लिहितोय, पुण्यात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो असं म्हणतात, तर असो.

प्रश्न (कोथरूड, बँकेतून निवृत्त) : आम्ही शाळेत असताना मूळ संख्या ओळखायची म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ४ कोटी अंकी संख्येला कुणी भागून बघितलं? आणि नसेल बघितलं तर छातीठोकपणे मूळ आहे कसं म्हणता?

काका, तुमची शंका एकदम रास्त आहे, आणि उत्तर असं की कुणीही भागून बघितलेलं नाही, बघूच शकत नाही. या संख्येचं वर्गमूळच २ कोटी ५ लाख अंकी आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तर, बघा, अख्ख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण ८० अंकी धरतात, आणि इथे भाजकांची नुसती संख्याच कोट्यवधी अंकी होते. कुठलाही कॉम्प्युटर आणा, नाही जमणार.

मग जमलं कसं, तर संख्येच्या घडणीमुळे. २ चा घात वजा १ अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच पाद्री. पहिली गोष्ट, घातांक स्वतः मूळ असायला लागतो, नाहीतर काम तिथेच संपलं. उदाहरणार्थ १५ हा ३ × ५, तर २ चा १५ वा घात वजा १ म्हणजे ३२७६७, त्याला ७ ने भाग जातो, ३१ ने पण जातो. पण घातांक मूळ आहे म्हणून उत्तर मूळ येईलच असं नाही. ११ घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ × ८९. तर निवड कशी करायची? त्यासाठी एक चाचणी आहे, लुकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८७० च्या दशकात काढलेली आणि नंतर लेहमर या अमेरिकन माणसाने नीट बसवलेली, आणि ती इतकी साधी आहे की मला तरी अजून तिचं आश्चर्य वाटतं.

४ पासून सुरू करायचं. वर्ग करा, २ वजा करा, आणि आलेल्या संख्येला आपल्या मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. परत वर्ग, परत २ वजा, परत बाकी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करायचं, शेवटी ० आला तर संख्या मूळ, नाहीतर नाही. १२७ वर करून दाखवतो, तो २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे पाच वेळा करायचं. ४ चे १४ झाले. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, १२७ ने भागून बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, बाकी ४२. ४२ चा वर्ग १७६४, वजा २, बाकी १११. १११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९, आणि १२७ × ९७ बरोबर १२३१९. बाकी शून्य. झालं, १२७ मूळ. हेच २०४७ वर नऊ वेळा करा, शेवटी १७३६ उरतात, म्हणजे मूळ नाही.

आता मोठ्या संख्येवर हेच १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९ वेळा करायचं आणि प्रत्येक वेळी चार-चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. अवघड आहे, वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही, हा सगळा फरक आहे. प्रत्यक्षात आधी एक दुसरी, बहुतेक-मूळ-असावी अशी सांगणारी चाचणी झाली, ती आयर्लंडमधल्या डब्लिन इथल्या एका ग्राफिक कार्डावर ११ ऑक्टोबर २०२४ ला होकारार्थी आली, मग अमेरिकेत सॅन अँटोनियोमधल्या दुसऱ्या कार्डावर १२ तारखेला लुकास-लेहमर चाचणीने पक्कं झालं, आणि मग वेगवेगळे प्रोग्रॅम वापरून परत परत तपासून २१ तारखेला जाहीर केलं. शोधणाऱ्याचं नाव ल्यूक ड्युरांट.

यात एक गंमत राहिली. ही चाचणी 'नाही' म्हणते तेव्हा भाग कशाने जातो ते मात्र सांगत नाही. कुठल्या घातांकांना मूळ संख्या येते याची एक यादी मर्सेनने १६४४ मध्ये दिली होती, तिच्यात घातांक ६७ होता. लुकासने १८७६ मध्ये दाखवलं की ती संख्या मूळ नाही, पण तिचे अवयव कुणालाच माहीत नव्हते. सत्तावीस वर्षांनी, १९०३ मध्ये, कोल नावाच्या प्रोफेसरने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते फळ्यावर मांडले, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, गुणून घ्या. एखादी संख्या फुटते हे कळणं आणि ती कुठे फुटते हे कळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा काका, खाली एका प्रश्नात परत लागणार आहे.

प्रश्न (सदाशिव पेठ, इयत्ता नववी) : ती पूर्ण संख्या तुम्ही मासिकात का नाही छापली? आणि आम्हाला जोडमूळ संख्या शिकवल्यात, ११ आणि १३, १७ आणि १९ अशा. तर या मोठ्या संख्येला जोडी आहे का?

अगं छापायची झाली तर एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी साडेतेरा हजारांवर पानं होतील, संपादक मला दारात उभं करणार नाहीत. दर सेकंदाला एक अंक असं न झोपता न जेवता वाचलं तर साधारण ४७५ दिवस. पण तुझा दुसरा प्रश्न फार भारी आहे, आणि त्याचं उत्तर संख्या न बघता वहीत काढता येतं. खरंच, वही घे.

आधी सोपं, शेवटचा अंक. २ चे घात लिहीत जा, २, ४, ८, १६, ३२, ६४... शेवटचे अंक बघ, २, ४, ८, ६ आणि परत २, ४, ८, ६. घड्याळात जसे बारा वाजून गेल्यावर परत एक वाजतो तसं चाराचं चक्र आहे. म्हणून घातांकाला ४ ने भागून बाकी बघायची. त्यासाठी फक्त शेवटचे दोन अंक पुरतात, ४१ भागिले ४, बाकी १. म्हणजे चक्रातला पहिला, शेवटचा अंक २, त्यातून १ गेला, आपल्या संख्येचा शेवटचा अंक १. झाला एक अंक, ४ कोटींपैकी.

आता सगळ्या अंकांची बेरीज कर, त्या बेरजेच्या अंकांची परत बेरीज, असं एक अंक राहीपर्यंत. चार कोटी अंकांची बेरीज कोण करणार, पण बीजांक म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी, हे तुला माहीत असेल. २ च्या घातांचे बीजांक २, ४, ८, ७, ५, १ असे सहाच्या चक्रात येतात. घातांकाला ६ ने भागलं की बाकी ५ (तो विषम आहे, आणि त्याच्या अंकांची बेरीज ४१, तिला ३ ने भागून बाकी २, त्यावरून काढ). म्हणजे पाचवा, ५, त्यातून १ वजा, ४. खरं वाटत नसेल तर घातांक १७ घे, त्यालाही ६ ने भागून बाकी ५ आणि ४ ने भागून बाकी १. २ चा १७ वा घात वजा १ म्हणजे १,३१,०७१, शेवटचा अंक १, बेरीज १३, बीजांक ४. जुळलं ना.

आता जोडी. जोडीदार एकतर दोनने मोठा असणार नाहीतर दोनने लहान. मोठा म्हणजे २ चा तोच घात अधिक १. विषम घातांक असेल तर यांना कायम ३ ने भाग जातो, बघ, ८ + १ = ९, ३२ + १ = ३३, १२८ + १ = १२९. आपला घातांक विषम, म्हणजे वरचा जोडीदार बाद. हे फक्त हिच्याच बाबतीत नाही हं, ३ आणि ५ ही जोडी सोडली तर कुठल्याच मर्सेन मूळ संख्येला वरचा जोडीदार मिळत नाही.

खालचा जरा चिवट आहे. २ चा घात वजा ३. याला ३ ने भाग जात नाही, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, कुणानेच नाही, मी एकेक करून बघितलं आणि वाटायला लागलं की आता कागदावरचं काम संपलं. पण २९ वर सापडला! फर्माच्या एका प्रमेयाप्रमाणे २ च्या घातांना २९ ने भागलं की बाक्या २८ च्या चक्रात येतात. तर घातांकाला २८ ने भाग, बाकी ५ येते (२८ × ४८,६७,१३७ + ५, करून बघ). म्हणजे २ चा तो अवाढव्य घात २९ समोर अगदी २ च्या पाचव्या घातासारखा वागतो, आणि २ चा पाचवा घात ३२, त्याला २९ ने भागून बाकी ३. त्यातून ३ वजा, शून्य. म्हणजे खालच्या संख्येला २९ ने नि:शेष भाग जातो, तीही बाद. आपली संख्या एकटीच आहे.

जोडमूळ संख्या अनंत आहेत का हे मात्र अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, नंतर इतरांनी ते अंतर २४६ पर्यंत खाली आणलं. २ पर्यंत यायचंय. तुझी दहावी झाली की बघ.

प्रश्न (नारायण पेठ) : मूळ संख्यांचं सूत्र मी स्वतः शोधलं आहे. ६न − १ आणि ६न + १. ५, ७, ११, १३, १७, १९ सर्व त्यात बसतात. याची दखल आपण घ्याल अशी अपेक्षा आहे, न घेतल्यास अंक बंद करण्यात येईल.

दखल घेतली आहे. ६ × ४ + १ = २५.

थोडं अजून लिहितो कारण चिडणार तुम्ही. २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्या तुमच्या साच्यात बसते हे खरंच आहे, कारण ६ ने भागल्यावर बाकी ०, २, ४ आली तर २ ने भाग जातो आणि ३ आली तर ३ ने, उरले १ आणि ५. पण साच्यात बसणारी प्रत्येक संख्या मूळ असते असं उलटं नाही म्हणता येत. २५, ३५, ४९, ५५, सगळे त्याच साच्यातले. ऑयलरचं याहून लबाड सूत्र आहे, न² + न + ४१, त्यात न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते, आणि ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस वेळा सलग बरोबर आलेलं सूत्र एकेचाळिसाव्या वेळी आपटतं, म्हणून गणितात पाच-सहा उदाहरणांवर कुणी भरवसा ठेवत नाही. खुद्द मर्सेनच्या यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. तेव्हा आपण चांगल्या संगतीत आहात, अंक चालू ठेवा.

प्रश्न (हिंजवडी) : माझा मोबाईल नंबर प्राइम आहे का हे कसं चेक करायचं? ऑफिसात यावरून पैज लागलीये.

पैजेत किती लावलेत ते लिहिलं नाहीत. अंदाज आधी सांगतो. एखाद्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती दाट आहेत हे तिच्या नैसर्गिक लॉगरिदमवरून कळतं, १० अंकी नंबरांसाठी तो साधारण २३ येतो, म्हणजे सरासरी २३ नंबरांत एक प्राइम. पण तुमचा नंबर ०, २, ४, ५, ६, ८ यावर संपत असेल तर पैज हरलातच, विषयच संपला. १, ३, ७, ९ वर संपत असेल तर शक्यता एकदम वाढते, साधारण नऊमध्ये एक. मग अंकांची बेरीज करा, तिला ३ ने भाग गेला तर परत हरलात. आणि शून्य ते नऊ सगळे अंक एकेकदा आलेला छान नंबर जास्त पैसे देऊन घेतला असेल तर बेरीज ४५, ९ ने भाग जातो, तो कधीच प्राइम नसणार.

इतकं करून वाचलात तर इथे कोथरूडच्या काकांची पद्धत चालते. १० अंकी संख्येचं वर्गमूळ १ लाखाच्या आत, आणि १ लाखापर्यंत ९५९२ मूळ संख्या आहेत, तेवढ्यांनी भागून बघा, हाताने नाही हो, तुम्ही हिंजवडीत आहात, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा, एंटर दाबून बोट उचलायच्या आत उत्तर येईल. कृपया नंबर मला पाठवू नका.

प्रश्न (बिबवेवाडी) : मुलगा दिवसभर हे वाचत बसतो. याचा उपयोग काय आहे, एवढंच स्पष्ट सांगा.

ताई, स्पष्ट सांगायचं तर या चार कोटी अंकी संख्येचा थेट उपयोग काहीही नाही. लोक सांगतात की मूळ संख्यांवर बँकेची सुरक्षा चालते, ते खरं आहे पण ती ही संख्या नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी काढलेल्या आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्या गुपचूप निवडतात, त्यांचा गुणाकार उघड करतात, आणि तो फोडून मूळच्या दोन शोधणं कुणाला परवडत नाही यावर सगळी भिस्त. वर काकांना सांगितलं ना, फुटते हे कळणं सोपं, कुठे फुटते ते कळणं महाकठीण. नेहमीच्या २०४८ बिटांच्या किल्लीत या दोन संख्या साधारण ३०९ अंकी असतात. इतक्या अंकांच्या मूळ संख्या मुबलक आहेत, दर सातशे-आठशेत एक, त्यामुळे पाहिजे तेव्हा नवीन सापडते आणि तुमची माझी एकच निघण्याची भीती नाही. सगळ्या जगाला पाठ असलेली संख्या कुलपाला वापरून काय फायदा? आणि फोडणं किती अवघड, तर २५० अंकी एक नमुन्याचा गुणाकार २०२० मध्ये फोडला, त्याला एका प्रोसेसर कोरच्या हिशोबात सुमारे २७०० वर्षं लागली, अर्थात हजारो कोर एकत्र लावले म्हणून काही महिन्यांत झालं.

आडून मात्र उपयोग होत आलाय. १९९४ मध्ये थॉमस नाइसली नावाचे प्रोफेसर जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि त्यांना पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक सापडली, कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या. २०१६ मध्ये मर्सेन संख्या शोधणाऱ्या प्रोग्रॅममुळेच इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष उघड झाला. नवीन मशीन घेतल्यावर ते तापून बंद पडतं का बघायला आजही लोक हाच प्रोग्रॅम चालवतात. मुलगा वाचतोय तर वाचू द्या, मोबाईलवर रील बघण्यापेक्षा बरंय, हे माझं वैयक्तिक मत.

प्रश्न (कर्वेनगर) : प्रत्येक मर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या फुकट मिळते असं ऐकलं. म्हणजे काय?

६ ला स्वतः ६ सोडून १, २, ३ ने भाग जातो आणि १ + २ + ३ = ६. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्या परिपूर्ण. पुढच्या ४९६ आणि ८१२८. ३ ला २ ने गुणा, ६. ७ ला ४ ने गुणा, २८. ३१ ला १६ ने, ४९६. १२७ ला ६४ ने, ८१२८. डावीकडे मर्सेन मूळ संख्या आहेत हे दिसतंय ना, ही कृती युक्लिडची, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या प्रकारे मिळूच शकत नाहीत हे ऑयलरने दाखवलं, मध्ये दोन हजार वर्षं गेली. आपल्या संख्येची परिपूर्ण संख्या ८ कोटी २० लाख ४८ हजार ६४० अंकी आहे आणि ती ६ वर संपते. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि नसतेच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

प्रश्न (शिवाजीनगर, कॉलेज विद्यार्थी) : या सगळ्यात फ्रेंच आणि अमेरिकनच आहेत. आपल्याकडे कुणी काही केलं का?

केलं की, आणि साधंसुधं नाही. लुकास-लेहमर फक्त मर्सेन संख्यांना चालते. कुठलीही संख्या द्या, ती मूळ आहे का हे खात्रीने आणि वाजवी वेळात, म्हणजे अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठराविक घाताइतक्या पायऱ्यांत, सांगणारी रीत आहे का हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळत होता. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडवला, कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. २००६ चं गोडेल प्राइझ मिळालं त्यांना. तिघांच्या आडनावांवरून तिला एकेएस चाचणी म्हणतात. आता तू विचारशील मग चार कोटी अंकी संख्येला ती का नाही वापरली, तर प्रत्यक्षात ती फार सावकाश चालते, तिचं महत्त्व हे आहे की अशी रीत असते हे कळलं.

आणि तुझ्या कॉलेजच्या परिसरातलंच उदाहरण हवं असेल तर द. रा. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, पुढे आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ हा त्यांच्या नावाचा कापरेकर स्थिरांक सगळ्यांना माहीत असतो, पण त्यांच्या डेमलो संख्या, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून ठेवलेल्या, त्या एक-एक-एक अशा ओळीने एक असलेल्या संख्यांच्या घरातल्याच आहेत. आणि इथे आपल्या विषयाशी गाठ पडते. कॉम्प्युटरच्या बायनरीत लिहिलं तर आपली मोठी संख्या म्हणजे नुसते १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, मध्ये एकही शून्य नाही. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत असे नुसते एक लिहिले तर मूळ संख्या फार क्वचित मिळते, १११ म्हणजे ३ × ३७, ११११ म्हणजे ११ × १०१, ११ नंतर पुढची मूळ संख्या थेट १९ एकांची आहे, मग २३ एकांची, मग ३१७.

प्रश्न (पाषाण) : पुण्यात सी-डॅक आहे, परम सुपरकॉम्प्युटर इथेच तयार झाला. मग असा शोध पुण्यातून का लागू नये? घरच्या पीसीवर करता येतं का?

परम ८००० हा १९९१ चा, आणि अभिमान आहेच. पण या कामाला एक प्रचंड मशीन लागतं असं नाही. प्रत्येक घातांकाची चाचणी स्वतंत्र असते, एकाला दुसऱ्याची गरज नसते, त्यामुळे काम वाटून देता येतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये गिंप्स नावाचा उपक्रम याच कल्पनेवर सुरू केला, प्रोग्रॅम फुकट डाउनलोड करायचा, तो तुम्हाला एक घातांक नेमून देतो, पीसी चालू ठेवायचा. २८ वर्षं सगळे शोध अशा साध्या पीसींवरच लागले, ग्राफिक कार्डांवर लागलेला पहिला शोध ड्युरांटचा, आणि ती कार्डंही हजारो, १७ देशांतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली, त्यामुळे स्पर्धा आता जरा कठीण झालीये.

सापडली तर गिंप्सचं ३००० डॉलर बक्षीस आहे, ड्युरांटने ते आपल्या जुन्या शाळेला देऊन टाकलं. १० कोटी अंकी मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलर ठेवलेत. महावितरणचं बिल मात्र तुम्हीच भरायचं, आणि उन्हाळ्यात लॅपटॉपवर चालवू नका, डेस्कटॉप असेल तर बघा.

पुढच्या अंकासाठी, फक्त शाळेतल्या वाचकांना : आपल्या मोठ्या संख्येला १३ ने भागलं तर बाकी किती? कॅल्क्युलेटर एरर दाखवेल, वही घ्या. उत्तरासोबत चक्र कितीचं होतं तेही लिहा.